चार ठोक्यांखालचे वाक्य

हॅलिफॅक्स
सोमवार, ५ ऑगस्ट २०२४

प्रिय नेव्हिल,

तुझा पत्ता आपल्या रांगेतल्या मॉरीनने दिला. त्याबद्दल तिच्यावर रागावू नकोस. तिने कारण विचारले आणि मी तिला खरे कारण सांगितले नाही. सांगितले ते एवढेच, की आयर्न हेरन बँडची मंडळी ऑक्टोबरात ब्रॅडफर्डला अखेरचा कार्यक्रम करणार आहेत, आणि ज्या माणसाशेजारी उभे राहून मी त्यांचे बासष्ट कार्यक्रम ऐकले त्याला हे कळवणे माझे कर्तव्य आहे. तुला ते माझ्याआधीच ठाऊक असणार. रे डनफर्डच्या गिटारची तार तुटली तरी तुला दुसऱ्या गावात कळत असे.

खरे कारण निराळे आहे. मॉरीन आपल्या जुन्या ध्वनिफिती संगणकावर चढवते आहे. तुला आठवतच असेल, विणकामाच्या पिशवीत लोकरीच्या गुंड्यांखाली ती टेपरेकॉर्डर दडवून नेत असे, आणि दारावरच्या रखवालदाराने "काय विणताय, बाई?" असे विचारले की "तुझ्या टकलासाठी टोपी," असे म्हणून सरळ आत शिरत असे. आत जाण्यापूर्वी ती बाहेर रांगेतच यंत्र चालते का ते पाहून घेई. बारा नोव्हेंबर १९८३ च्या, ब्रॅडफर्डच्या फितीवर संगीत सुरू होण्याआधी अशी पुष्कळ मिनिटे नुसती रांग आहे. तिने ती मला ऐकायला पाठवली.

एकोणतीस वर्षांचा मी कसा बोलत होतो हे ऐकण्याचे कुतूहल मला होते. ते लगेच फिटले. मी हजेरी घेतो आहे. आवाज शाळेतलाच, लॅटिनच्या तासाचा. "नंबर एक, सग्डन." शांतता. "सग्डन, नेव्हिल." कोणीतरी हसते. मी म्हणतो, "दोनदा पुकारलं. नाव खोडतोय." मग नंबर दोन, हिंचक्लिफ, म्हणजे मी स्वतः, माझे नाव मी स्वतःच पुकारतो आणि स्वतःच "हजर" म्हणतो. पुढे अडतीसपर्यंत नावे. त्यानंतर धावत येणारी पावले, आणि तुझा धापा टाकणारा आवाज: "आलो, आलो! अरे, इथेच कोपऱ्यावर होतो!" त्यावर मी: "नियम म्हणजे नियम, नेव्हिल. हजेरीला नव्हतास."

आणि इथे, नेव्हिल, तू काहीतरी बोलतोस. नेमक्या त्याच क्षणी टाऊन हॉलच्या मनोऱ्यावर ठोके पडू लागतात. चार ठोके. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत त्यांच्याखाली तुझा आवाज आहे, चढत नाही, उतरत नाही. ठोके थांबतात तेव्हा तू निघून चाललेला असतोस, आणि मॉरीन पिशवीत तोंड घालून म्हणते, "एक, दोन, तीन, ऐकू येतंय का?"

मी तुझ्यासमोर हातभर अंतरावर उभा होतो. तरी तू काय म्हणालास ते मला ठाऊक नाही. मी तेव्हा हजेरीच्या वहीकडे पाहत होतो.

नियम स्वच्छ होता, आणि तो आपण दोघांनी मिळून लिहिला होता, हे मी इथे नोंदवून ठेवतो. पहाटे जो पहिला येईल तो एक नंबर. नंबर शाईने हाताच्या पाठीवर. दर दोन तासांनी हजेरी. जो नसेल त्याचे नाव खोडायचे आणि त्याने रांगेच्या शेपटाला जायचे. चारची हजेरी होती. तू नव्हतास. त्यात माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. तो वाद मला उकरायचाही नाही. मला फक्त जाणून घ्यायचे आहे, की त्या चार ठोक्यांखाली तू काय बोललास?

एका ओळीचे उत्तर पुरेल.

तुझा,
ऑब्री हिंचक्लिफ


हॅलिफॅक्स
गुरुवार, २९ ऑगस्ट २०२४

प्रिय नेव्हिल,

उत्तर आले नाही. ते येईलच असे मी गृहीतही धरले नव्हते. परंतु प्रश्न एकदा मनात शिरला की तो घरात शिरलेल्या मांजरासारखा वागतो. दार उघडे ठेवले तरी जात नाही.

मंगळवारी मी ब्रॅडफर्डला जाऊन आलो. टाऊन हॉलसमोरच्या बाकावर बसून चारचे ठोके मोजले. पहिल्याच्या आरंभापासून चौथा विरेपर्यंत बारा सेकंद. बारा सेकंदांत माणूस काय बोलू शकतो याचा मी घरी आरशासमोर उभा राहून अभ्यास केला. शिव्या बारा सेकंद पुरत नाहीत. निदान मला येतात तेवढ्या पुरत नाहीत. शाप पुरतो, पण शापाचा स्वर शेवटी चढतो. बायबलमधले जे शाप मला तोंडपाठ आहेत ते मी सगळे म्हणून पाहिले. तुझा स्वर चढत नाही. तो बाजारातून काय आणायचे ते सांगणाऱ्या माणसाचा स्वर आहे. मला त्याचेच नवल वाटते.

काल मॉरीनकडे गेलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली आहे; गुडघे गेले, कान शाबूत. तिच्या स्वयंपाकघरात आम्ही फीत पुन्हा लावली.

"शिवी नाही दिली त्यानं," ती म्हणाली. "नेव्हिल शिव्या देणारा नव्हताच. बस चुकली तरी बसला 'जा बाई' म्हणायचा."

"मग काय म्हणाला असेल?"

"त्यालाच विचार. मला एक वेगळंच विचारायचंय. हे ठोके किती?"

"चार."

"आणि तू हजेरी कधी घेतलीस?"

"चारला."

"मग ठोके पडायच्या आधी अडतीस नावं कशी पुकारून झाली रे? काळाच्या पुढे चालतोस की काय?"

मी चहा ढवळू लागलो. साखर घातलेली नव्हती.

"मनगट दाखव," ती म्हणाली.

मी दाखवले. तिच्या भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती, माझ्या मनगटावर सतरा.

"अजूनही!" ती इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. "अरे, आता निवृत्त झालास, आता कुठे पोचायचंय तुला लवकर?"

तुला ती गोष्ट ठाऊक आहे, पण लिहितो. लिहिताना माणूस स्वतःला चुकवू शकत नाही. मेथडिस्ट चॅपेलमधल्या माझ्या पहिल्या प्रवचनाला मी उशिरा पोचलो, आणि वडिलांनी सगळ्या मंडळीसमोर नुसते खिशातले घड्याळ काढून पाहिले. त्या दिवसापासून माझे घड्याळ सात मिनिटे पुढे असते. रांगेत सगळ्यांना ते माहीत होते. "खरी वेळ की ऑब्रीची वेळ?" हा आपल्या मंडळींचा जुना विनोद. म्हणूनच हजेरी नेहमी मनोऱ्यावरच्या घड्याळाने होई. ही अटसुद्धा वहीच्या पहिल्या पानावर तुझ्याच अक्षरात आहे.

त्या दिवशी मी माझ्या घड्याळाने घेतली. मनोऱ्याप्रमाणे चारला सात कमी असताना. म्हणजे नियमाप्रमाणे तू वेळेवर आलास, ठोके पडायच्या आधी, आणि तुझे नाव चुकीने खोडले गेले.

चुकीने. थंडीत माणूस विसरतो. एवढे मान्य करून मी माझा प्रश्न पुन्हा विचारतो.

तुझा,
ऑब्री


हॅलिफॅक्स
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

प्रिय नेव्हिल,

आज सकाळी मला प्रवचन द्यायचे होते. विषय साक्षीचा होता. मी मागचे पत्र 'चुकीने' या शब्दावर संपवले होते, आणि मंडळीसमोर उभा राहिलो तेव्हा तोच शब्द आठवला. मी पाण्याचा पेला मागितला आणि प्रवचन सहा मिनिटांत आटोपले. लोक खूश झाले. दारात एका बाईंनी माझा हात दाबून सांगितले, की इतके चांगले प्रवचन त्यांनी माझ्याकडून कधी ऐकले नव्हते.

मी विसरलो नव्हतो.

मी आधी मनगटाकडे पाहिले, मग मनोऱ्याकडे. मग उतारावरच्या पाईच्या दुकानाकडे पाहिले. काचेतून तू मला स्पष्ट दिसत होतास. तुझी ती वीटकरी रंगाची कानटोपी. तुझ्यापुढे दोन माणसे होती, तू तिसरा. तू हात वर करून मला काहीतरी खूण केलीस. मी वही उघडली आणि तुझे नाव पुकारले. इतक्या हळू पुकारले की शेजारच्याला ऐकू जावे आणि रस्त्यापलीकडे जाऊ नये. मॉरीनचे यंत्र माझ्या कोपराशी नसते तर ते फितीवरही आले नसते.

का, हे तू विचारशील. बासष्ट कार्यक्रम, नेव्हिल, आणि बासष्ट वेळा मी दुसरा. तू लोकर विंचरण्याच्या गिरणीतून रात्रपाळी संपवून थेट रांगेत येत असस. मी अंथरुणातून उठून येईपर्यंत बंद दाराशी तू असायचास, फ्लास्क उघडून. तू मला कधी हिणवले नाहीस. उलट "ये मास्तर, तुझी जागा गरम करून ठेवलीय," म्हणायचास. तेच मला बोचत असे. लोक आपल्याला 'नेव्हिल आणि तो मास्तर' म्हणत. मला एकदा, फक्त एकदा, रंगमंचापुढच्या कठड्याच्या मध्यावर, रेच्या थेट समोर, एक नंबर म्हणून उभे राहायचे होते.

बायबलमध्ये दोन जुळ्या भावांची गोष्ट आहे. थोरला भुकेला होऊन रानातून येतो आणि धाकटा वाटीभर शिजवलेल्या डाळीवर त्याचे थोरलेपण काढून घेतो. मी ती गोष्ट मंडळीला निदान वीस वेळा सांगितली असेन, आणि दर वेळी थोरल्याच्या उतावळेपणावर बोललो. धाकट्याविषयी मी फारसे कधी बोललो नाही. त्याने निदान आपली डाळ तरी दिली होती. माझ्या गोष्टीत खाणेसुद्धा थोरल्यानेच आणले.

कारण तू परत आलास तेव्हा तुझ्या हातात कागदी पिशवीतल्या दोन पाई होत्या, आत मांस-बटाटा भरून भाजलेल्या. त्या चार ठोक्यांमध्ये, जे काही बोलत होतास ते बोलताना, तू त्यातली एक माझ्या हातातल्या उघड्या वहीवर ठेवलीस आणि गेलास. पानावर तुपकट डाग आहे; आजही आहे, तुझ्या खोडलेल्या नावाच्या बरोबर खाली.

मी ती पाई खाल्ली. उभ्याउभ्या, शेवटच्या तुकड्यापर्यंत. तुझ्या जागेवर.

त्या रात्री अखेरच्या गाण्यानंतर रेने गिटारची नखी प्रेक्षकांत फेकली. ती माझ्या छातीवर आपटून हातात पडली. तुझ्या छातीवर आपटायची होती. एक्केचाळीस वर्षे ती माझ्या स्तोत्रांच्या पुस्तकात आहे, ज्या पानावरचे स्तोत्र आमच्याकडे कधी गात नाहीत त्या पानात.

आणखी एक आहे. दुसऱ्या दिवशी युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचा रविवार होता. दुपारी तू माझ्या घरी आलास. दार माझ्या आईने उघडले आणि सांगितले, "ऑब्री बाहेर गेलाय." तिला तसे सांगायला मी लावले. आयुष्यात ती माझ्यासाठी एवढे एकच खोटे बोलली. मी बैठकीच्या खोलीत पडद्यामागे उभा होतो. तू फाटकाशी जरा थांबलास, मग गेलास. त्याच संध्याकाळी मी चॅपेलमध्ये शेजाऱ्यावर प्रेम करण्याविषयी पंचवीस मिनिटे बोललो.

नंतर लोकांना मी सांगत राहिलो, की नेव्हिल एका नंबरावरून रुसला आणि रांगेत यायचा बंद झाला.

आता माझ्यापाशी झाकण्यासारखे काही उरले नाही, म्हणून माझा प्रश्न आता निदान स्वच्छ आहे. उत्तर मागण्याचा हक्क मात्र मला नाही, हे मी जाणतो. कुतूहल हक्क पाहत नाही.

ऑब्री


ॲम्बल
२४ सप्टेंबर

मास्तर,

तीन पत्रं आली. पहिलं वाचून म्हटलं, हा अजून तसाच आहे, मेला. दुसरं बायकोला वाचून दाखवलं, ती बारा सेकंदांवर फार हसली. तिसरं तिला दाखवलं नाही. ते खिशात घेऊन धक्क्यावर फिरून आलो.

आता तुझं ते वाक्य. ऐकायला बसला असशील तर नीट बस. मी म्हणालो: "ही तुझी, हिच्यात मिरी कमी घालायला सांगितलीय, तुझ्या पोटाला सोसत नाही म्हणून त्या बाईला दुसऱ्या ताटातली काढायला लावली, त्यातच वेळ गेला. गरम आहे तोवर खा."

झालं. एवढंच. यासाठी आरशासमोर उभा राहिलास, गधड्या.

राग आला नव्हता असं नाही. आला होता. पण हातातल्या पाई गार होत होत्या. रागवायला नंतर वेळ होता, पाईला नव्हता.

आणि तू हळू पुकारलंस ते मला माहीत होतं. काचेतून तुझं तोंड हललेलं दिसलं. शाळामास्तर तू, तुझी हाक लीड्सपर्यंत जाते. त्या दिवशी शेजारच्या कबुतरानंही मान वर केली नाही.

मग मी शेपटाला गेलो. आत शिरलो तर जागा मिळाली पार मागे, तो आवाज सांभाळणारा माणूस टेबल मांडून बसतो ना, त्याच्या शेजारी. आणि ऑब्री, तिथे मला पहिल्यांदा आयर्न हेरन ऐकू आलं. सगळं एकत्र. बासष्ट वेळा कठड्याला पोट लावून आपण काय ऐकलं? रेच्या गिटारचा आवाज फेकणारा एक डबा आणि ढोल. गाणारा काय म्हणतो ते मला त्या दिवशी कळलं. मी पुन्हा कधी पुढे गेलो नाही. रांगेत दिसलो नाही म्हणजे यायचा बंद झालो असं नाही. मी मागे होतो. दर वेळी. तू कधी मागे वळून पाहिलं नाहीस.

रविवारी तुझ्या दारात आलो होतो ते हेच सांगायला, की मागे ये, मागे मजा आहे. भांडायला नाही. पडदा हलला. आणि पडद्याखालून तुझे बूट दिसत होते, चॅपेलचे, चकचकीत. राग आला तो तेव्हा. नंबराचा नाही, बुटांचा. तो बरीच वर्षं टिकला. लोकांना काय सांगितलंस ते मॉरीननं कळवलं होतं. त्यानंही टिकायला मदत झाली.

आता माझा कंबरेचा सांधा बदललाय, पाच तास उभं राहणं होत नाही. बारा तारखेला बाल्कनीत बसणार आहे, तिसरी ओळ, मधोमध. दोन खुर्च्या घेतल्यात. बायकोला यायचं नाही, ती म्हणते तुमचा तो गोंगाट तुम्हालाच लखलाभ. माझी गाडी साडेतीनच्या सुमाराला पोचते. ते पाईचं दुकान अजून आहे म्हणे. चारच्या ठोक्याला तिथे असेन.

तू रांगेत असशील, वही घेऊन. चारला हजेरी असते. तेव्हा येऊच नकोस, तुझा नंबर जाईल. मी नुसतं सांगून ठेवतोय.

मनोऱ्याच्या घड्याळाने चार. तुझ्या नाही.

नेव्हिल


ब्रॅडफर्ड, रांगेत
शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४
दुपारचे सव्वातीन, खऱ्या वेळेने

प्रिय नेव्हिल,

हे पत्र मी रांगेच्या वहीत लिहितो आहे. टपालात टाकायचे नाही. तुझ्या हातातच द्यायचे आहे. अक्षर वाकडे आले तर बोटे गारठली आहेत असे समज.

तुझ्या पत्राला मी उत्तर लिहिले नाही. तीनदा बसलो, तीनदा उठलो. एक्केचाळीस वर्षे ज्या वाक्यात मी शाप शोधत होतो त्यात मिरी निघाली. अशा वाक्याला उत्तर कोणत्या शास्त्रात आहे ते मला सापडले नाही.

मग मी तुला कदाचित आवडणार नाही असे काही केले. आज पहाटे साडेचारला उठलो आणि इथे आलो. चिटपाखरू नव्हते. हाताच्या पाठीवर स्वतःच्या हाताने एकचा आकडा लिहिला. नेव्हिल, सत्तराव्या वर्षी मी सचोटीने एक नंबर झालो. तो कसा लागतो, हे मला एकदा पाहायचे होते. आज पाहिले. दोन नंबरापेक्षा थोडा अधिक गार लागतो, कारण पुढे आडोसा करायला कोणी नसते. तू पहाटेच्या थंडीत माझ्यापुढे उभा राहत होतास तेव्हा मला वाराही लागत नव्हता, हे आज कळले.

मॉरीन तीन नंबरावर आहे, घडीच्या खुर्चीत, मांडीवर विणकाम. आता यंत्र दडवायची गरज उरलेली नाही, तरी तिने ते लोकरीखालीच ठेवले आहे. दोन नंबरावर हल शहरातली एक परिचारिका आहे, कॉर्डीलिया नावाची. तिच्या वडिलांनी तिला या बँडच्या पहिल्या कार्यक्रमाला खांद्यावर बसवून नेले होते. ते गेले, आता त्यांचे जाकीट घालून ती येते. तिने पाहिले की मी सारखा उताराकडे पाहतो आहे.

"काय मास्तर, कुणाची वाट बघताय? मैत्रीण आहे का?"

"मित्र आहे. चारला त्या दुकानापाशी येणार आहे."

"मग जा की! दहा मिनिटांचं काम. आम्ही सांभाळतो तुमची जागा."

"चारला हजेरी आहे."

"अहो, वही तुमच्याच हातात आहे. जरा पुढे ढकला हजेरी. नाहीतर आधी घेऊन टाका."

मॉरीनने विणकामाच्या सुया थांबवल्या. माझ्याकडे पाहिले नाही. मीही तिच्याकडे पाहिले नाही.

"आधी नाही घेता येणार," मी म्हणालो.

"एवढं काय कडक!" कॉर्डीलिया म्हणाली. "शेवटचा कार्यक्रम आहे. कोण बोलणारे तुम्हाला?"

"कोणीच बोलणार नाही," मॉरीन म्हणाली. "हाच तर घोळ आहे."

जागा सोडायची की नाही, हे मला ठरवायचे होते. खोटे कशाला लिहू, सोपे नव्हते. इथून कठड्यापर्यंतची वाट मला डोळे मिटून दिसते. दार उघडताच डावीकडे, दोन पायऱ्या, मग मधोमध. रे पंचाहत्तरीचा आहे. पुन्हा गिटार घेऊन उभा राहणार नाही. त्याच्या बोटांसमोर हातभर अंतरावर, हक्काच्या जागेवर, शेवटचा माणूस मी असेन. हे मला हवे होते. अजून हवे आहे. प्रार्थना केल्याने ते कमी झाले नाही.

मात्र एका गोष्टीचे कुतूहल त्याहून मोठे निघाले. मी आयर्न हेरन कधी ऐकलेच नाहीत असे तू म्हणतोस. गाणारा काय म्हणतो ते मागे बसल्यावर कळते म्हणतोस. आणि मी कधी मागे वळून पाहिले नाही म्हणतोस. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत का, हे पडताळायला माझ्यापाशी एकच संध्याकाळ उरली आहे.

म्हणून मी वही मॉरीनच्या मांडीवर ठेवली.

"चारची हजेरी तू घे," मी म्हणालो.

"आणि तू?"

"माझं नाव दोनदा पुकार. मोठ्यानं. नसलो तर खोड."

"ऑब्री, दहा मिनिटांची सूट मी देऊ शकते. पहिल्या पानावर तशी—"

"पहिल्या पानावर तशी काही अट नाही. ते पान मी लिहिलंय."

"अर्धं," ती म्हणाली. "अर्धं नेव्हिलनं लिहिलंय." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत हळूच म्हणाली, "स्पष्ट पुकारेन. लीड्सपर्यंत जाईल असं."

कॉर्डीलियाला काही कळले नाही, पण ती एकदम एक नंबर होणार हे कळल्यावर तिने वडिलांच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि दुसरीकडे तोंड फिरवले. रेची ती नखी मी पाकिटात घालून आणली होती, तुला देण्यासाठी. आता तुझी परवानगी गृहीत धरून ती मी तिच्या हातात ठेवली. ती छातीवर झेलायला माझ्या जागी तूच असायचास. तू ती कुणाला दिली असतीस याचा मी विचार केला, आणि मला वाटते माझा अंदाज चुकलेला नाही.

वहीतले हे पान फाडून घेताना मागचे जुने पानही मी काढून घेतले आहे, डागासकट. ते तुझे आहे.

आज सकाळी निघण्यापूर्वी मी घड्याळ सात मिनिटे मागे घेतले. दिवसभर मला सात मिनिटे उशीर झाल्यासारखे वाटते आहे, आणि कुठेच उशीर झालेला नाही.

चारला पाच कमी. दुकानाच्या काचेत एक माणूस काठी टेकून उभा आहे. टोपी तीच आहे असे म्हणवत नाही, पण रंग तोच आहे. त्याच्यापुढे दोन माणसे आहेत, तो तिसरा. आत्ता त्याने मान वळवून रांगेकडे पाहिले आणि हात वर केला.

मी पाहिले, नेव्हिल. मीही हात वर केला आहे. म्हणून ही ओळ डाव्या हाताने लिहिली.

मिरी आता मला मुळीच सोसत नाही, ते त्या बाईंना सांग. घाई करू नकोस. मॉरीनने वही उघडली आहे. ती मनोऱ्याकडे पाहत थांबली आहे. पहिला ठोका पडेल, आणि चौथा विरल्यावर ती माझे नाव पुकारील तेव्हा मी रस्ता ओलांडून तुझ्यामागे चौथा उभा असेन.

ऑब्री